खिडकीची जागा लेकराची : माथेरानच्या गाडीत बसणाऱ्या आईबाबांना खुले पत्र

प्रति,
नेरळहून मिनीट्रेनने लहान मुलांना माथेरानला नेणारे समस्त आईबाबा

विषय : तुमची मुलं, तुमचे फोन आणि मधले एकवीस किलोमीटर

आईबाबांनो, नमस्कार.

मी बदलापूरची. अठ्ठावीस वर्षं बालवाडीत शिकवलं. आता सत्तरी ओलांडलीय, पण नातवंडांच्या निमित्ताने माथेरानच्या गाडीत बसणं काही सुटलेलं नाही. वांगणी, शेलू आणि नेरळ, लोकलने तिसरं स्टेशन. तेव्हा मी काही लांबून आलेली पाहुणी नव्हे, शेजारीण आहे, आणि शेजारणीला चार शब्द ऐकवायचा हक्क असतो असं समजून लिहिते.

गेल्या जानेवारीत धाकट्या नातीला घेऊन गेले होते. समोरच्या बाकावर चारेक वर्षांचा एक मुलगा, त्याचे आईबाबा आणि तीन पिशव्या. गाडी सुटायच्या आधीच बाबांनी फोन समोर धरला. "हाय कर. अजून एकदा कर, नीट हसून." गाडी सुटली. मुलाला खिडकीच्या चौकटीवर एक मुंगी सापडली. गाडी हलतेय, वारा सुटलाय आणि ती मुंगी चौकटीच्या कडेकडेने आपली चाललीय. मुलगा हनुवटी टेकवून तिच्यामागे. एक वळण झालं, दुसरं झालं. शेवटी आई वैतागली, "अरे, दरी बघ ना! मुंग्या काय घरी नाहीत का? एवढे पैसे खर्च करून आलोय!"

मी हसले. मग माझंच हसू मला झोंबलं, कारण ही आई मी ओळखते. 1979 साली ती मी होते.

तेव्हा माझा मुलगा चार वर्षांचा होता आणि गाडीला अजून वाफेची इंजिनं होती. मी शहाणी, त्याला पांढरा शर्ट घातला. इंजिनाच्या धुरातून कोळशाची कणी उडायची, ती केसांत, डोळ्यांत, कॉलरवर. नेरळपासून वरपर्यंत मी एका हाताने त्याचं डोकं आत ओढत होते आणि दुसऱ्या हाताने रुमाल ओला करून शर्ट पुसत होते. मधेमधे "ते बघ डोंगर, ते बघ झाडं" हेही चालूच. आज तो पन्नाशीचा आहे. मागे एकदा सहज विचारलं, तुला त्या गाडीतलं काय आठवतं रे? म्हणाला, "दोन डब्यांच्या मधे बसलेला माणूस."

तेव्हा डब्यांचे ब्रेक हाताने लावायचे. इंजिनाची शिट्टी झाली की दोन डब्यांच्या मधे बसलेली माणसं चाक फिरवायची. त्यांतल्या एकाने डोक्याला पंचा बांधलेला होता म्हणे, आणि प्रत्येक शिट्टीला चाक फिरवायच्या आधी तो माझ्या मुलाकडे बघून भुवई उडवायचा. दोन तास त्या दोघांचं हे चाललं होतं. मी शेजारी बसून शर्ट पुसत होते, मला पत्ता नाही. (2016 च्या मे महिन्यात गाडी दोनदा रुळावरून घसरली, त्यानंतर डब्यांना हवेचे ब्रेक बसवले. सुरक्षेच्या दृष्टीने उत्तम झालं. पण भुवई उडवणारा माणूस आठवला की थोडं चुकचुकायला होतंच.)

तर मला म्हणायचंय ते एवढंच, की गाडी लेकराची आहे, त्याला जे दिसतंय ते त्याला बघू द्या. बाकीचं सगळं पत्र म्हणजे हे जमावं कसं, याचा पाढा आहे.

सगळ्यात आधी वेळेचं. अंतर एकवीस किलोमीटर, आणि ते चढायला या गाडीला दोन तासांहून अधिक लागतात. तेवढ्या वेळात नेरळहून उलट्या दिशेच्या लोकलमध्ये बसलात तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठाल. मोठ्या माणसाला पाऊण तासात कंटाळा येतो, हे मी शेकडो चेहऱ्यांवर बघितलंय. वाटेतलं पहिलं स्टेशन जुम्मापट्टी आलं की माना फोनवर वाकतात. मुलाचं तसं होत नाही. त्याला पहिल्यांदाच अशी गाडी भेटलेली असते जी त्याच्या चालीने चालते. झाडाचं पान ओळखू येतं, रुळालगत चाललेल्या बाईच्या डोक्यावरच्या मोळीतली लाकडं मोजता येतात. लोकलमधून त्याला आजवर काय दिसलं असेल? माणसांच्या पँटी आणि पिशव्या. तेव्हा कंटाळा तुम्हाला आलाय की त्याला, हे आधी तपासा. तुम्हाला आला असेल तर खुशाल डुलकी काढा. आठवडाभर लोकलचे धक्के खाऊन रविवारी पहाटे उठून आलेल्या माणसाला डुलकी लागणं यात पाप नाही. पण त्याला "काय बघतोयस?" असं दर दोन मिनिटांनी विचारू नका.

घरी एक खेळ करून निघा. शाळेची फूटपट्टी घ्या आणि फरशीवर खडूने दोन रेघा मारा, मधे बरोबर दोन फूटपट्ट्यांचं अंतर ठेवून. हे माथेरानचे रूळ. मग शेजारी साडेपाच फूटपट्ट्यांवर दुसरी जोडी आखा. हे आपल्या लोकलचे. पाच वर्षांच्या मुलाने हात पसरले की ते छोट्या रुळांच्या दोन्ही बाजूंना बाहेर जातात, आणि मोठ्या रुळांना काही केल्या पुरत नाहीत. आता नेरळला उतरल्यावर त्याला काही समजावून सांगावं लागत नाही. तोच ओरडतो, "आजी, दोन पट्टीवाले!" वाटेत सुरुवातीला छोटे रूळ काही अंतर मोठ्या रुळांच्या सोबतीने जातात आणि मग डोंगराकडे वळतात. फरशीवरचं चित्र ज्याच्या डोक्यात आहे तो मुलगा तिथे खिडकी सोडत नाही.

दुसरा खेळ चढाचा. काही ठिकाणी इथला चढ विसास एक आहे, म्हणजे वीस पावलं पुढे गेलं की एक पाऊल वर. घरी पाट तिरका करून त्यावर खेळण्यातली गाडी ठेवा आणि पाट थोडाथोडा उचला. गाडी घसरते. मग विचारा, मग ही गाडी डोंगर कशी चढते? उटीच्या गाडीला मधे दात्यांचा रूळ असतो, त्यात दातेरी चाक अडकवत ती चढते. आपल्या गाडीला असलं काही नाही. ती वळसे घेत, डोंगराला गुंडाळत वर जाते. माउंट बॅरीजवळ तर घोड्याच्या नालासारखं वळण घालून भराव टाकलाय, नाहीतर गाडीला तिथे उलटं फिरून जावं लागलं असतं. माझ्या नातीने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे ती दमू नये म्हणून गोल जाते." एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअर साहेबांचा सल्ला होता या मार्गाला, बार्शी लाइट रेल्वे ही छोट्या रुळांची गाडी उभारणारे तेच हे. त्यांनाही यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता आलं नसतं.

इतिहास सांगायचा असेल तर एकच सांगा, की ही गाडी एका मुलाने बांधली आणि पैसे बापाने दिले. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय हा तो मुलगा, सर आदमजी पीरभॉय हा बाप. काम 1904 साली सुरू झालं, 1907 च्या मार्चमध्ये गाडी धावली, खर्च 16 लाख. माझा नातू हे ऐकून बराच वेळ बापाकडे बघत होता. जावयाने विषय बदलला.

आता जे कुणी बोलत नाही त्यावर येते. गाडीत संडास नाही. दोन तासांहून जास्त वेळ, बाहेर थंड वारा आणि आत पाण्याची बाटली तोंडाला लावून बसलेलं चार वर्षांचं मूल. पुढचं काय ते कळलंच असेल. नेरळ स्टेशनवर, गाडी लागायच्या आधी, "मला नाही आलीय" म्हणालं तरी नेऊन आणा. बालवाडीत आम्ही "आलीय का?" असं कधी विचारत नसू, "चला, सगळे जाऊन येऊ" म्हणायचो. विचारलं की उत्तर नाहीच येतं. मुलगा असेल तर रुंद तोंडाची एक रिकामी बाटली बरोबर असू द्या आणि तिला लाल रबरबँड लावा. रबरबँड का लावायचा, तो प्रसंग आमच्या ह्यांच्या परवानगीशिवाय सांगता येणार नाही. मुलीसाठी जास्तीची चड्डी, टॉवेल आणि शांत डोकं. आणि काही झालंच, तर डब्यात सगळ्यांसमोर बोलू नका. ओली चड्डी वाळते. सगळ्यांसमोर ओरडलेलं मात्र लेकराच्या मनात राहतं.

ओकारीचं तसंच. ही गाडी सतत वळते. रिकाम्या पोटी मळमळतं, भरल्या पोटी त्याहून जास्त. सकाळी निम्म्या पोटाने बसवा, एखादी दशमी किंवा गूळ लावलेला चपातीचा तुकडा, दूध नको. खिशात आलेपाक ठेवा. आणि मूल किरकिर करायला लागलं की त्याच्या हातात फोन देऊन गप्प करायची जी सवय आपल्याला लागलीय, ती इथे अंगाशी येते. वळणावर मान खाली घालून चित्रं बघितली की हमखास डचमळतं. समोर, लांब बघायला लावा. त्यासाठी तर खिडकी आहे.

खिडकीबद्दल मात्र माझा हट्ट सोडून बोलते. "बघू द्या" म्हणजे हात बाहेर काढू द्या असं नव्हे. काही ठिकाणी डोंगर कापून वाट केलीय, तिथे कातळ अगदी हाताशी येतो, फांद्या डब्याला घासतात. मी पहिल्याच मिनिटाला नियम सांगते. डोळे बाहेर, हात आत. पाळतात मुलं. पाळत नाहीत ते बाप, जे दारात एका पायावर लटकून गाडीचं वळण फोनमध्ये पकडत असतात. तुमचं चार वर्षांचं पोर तेव्हा वळणाकडे बघत नसतं, तुमच्याकडे बघत असतं.

वाटेत एकच बोगदा आहे, वन किस टनेल. नावावरून किती लांब आहे ते समजा. सगळा डबा ओरडतो, आणि ओरडू द्या. धाकट्या मुलांना अंधार भिववतो, म्हणून मी आधी सांगून ठेवते, की आता आपण डोळे मिटल्यासारखं होणार आणि लगेच उघडल्यासारखं. वॉटर पाइप स्टेशनचं नावही त्यांना आवडतं. वाफेची इंजिनं होती तेव्हा ती इथे पाणी प्यायला थांबायची, असं सांगितलं की पुढच्या प्रत्येक थांब्यावर "आता काय पिते?" सुरू होतं. उन्हाळ्यात जुम्मापट्टीला डोंगरातल्या बाया करवंदं, जांभळं पानांच्या द्रोणांत घेऊन येतात. ती घ्या. वेफर्सची फुगीर पाकिटं खालीच ठेवा, वर माकडं त्या आवाजाला पक्की ओळखतात. पाकीट मुलाच्या हातात असेल तर माकड ते मुलाच्या हातातून घेतं, आणि मग तुमच्या सहलीची आठवण म्हणून मुलाला फक्त ते माकड उरतं. गंमत म्हणून त्यांना खायला घालणाऱ्यांना मी काही म्हणत नाही. नुसती बघते. बालवाडीच्या बाईंची नजर पुरते.

पावसाळ्यात मुलांना गाडीचं आमिष दाखवून नेरळला आणणाऱ्यांनो, तुम्हाला वेगळं सांगते. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या अलीकडचं स्टेशन) गाडी बंद असते. तेवढे दिवस वरची अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल चालते. जुलैमध्ये नेरळच्या फलाटावर "गाडी कुठंय?" म्हणून रडणारी पोरं मी बघितलीत आणि ती रड खरी असते. गाडी बंद ठेवण्यात कुणाचा लहरीपणा नाही. 26 जुलै 2005 च्या पावसाने हा मार्ग असा धुऊन नेला की 2007 उजाडलं पुन्हा गाडी धावायला, नेमकं शंभरावं वर्ष. 2019 च्या पावसात पुन्हा तेच. तेव्हा माझा थोरला नातू तीन वर्षांचा होता आणि "पुढच्या महिन्यात जाऊ" असं मी त्याला सांगितलं होतं. गाडी नेरळहून पुन्हा सुटली 22 ऑक्टोबर 2022 ला. तो सहा वर्षांचा झाला होता, आणि झुकझुक म्हणायची त्याला लाज वाटायला लागली होती. डोंगर आपल्या मुलांच्या वयाचा हिशोब ठेवत नाही, म्हणून गाडी सुरू असेल तेव्हा जाऊन या. तारखा आधी बघून.

शटलबद्दल माझं मत जरा कडक होतं, आता मऊ झालंय. मोटारीने, मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापर्यंत जायचं, अमन लॉजला शटलमध्ये वीसेक मिनिटं बसायचं, फोटो काढायचे आणि "टॉय ट्रेन झाली" म्हणायचं, याला मी फसवणूक म्हणायचे. पण गेल्या वर्षी शेजारची सूनबाई तिच्या दोन वर्षांच्या जुळ्यांना घेऊन शटलने गेली आणि तिघीही हसत परत आल्या. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल, किंवा वळणांवर ज्याला हमखास त्रास होतो असं असेल, तर शटलच बरी. मोठ्या गाडीला अजून वर्षं आहेत. मात्र पाच-सहा वर्षांचं धडधाकट मूल असताना, फक्त आपल्याला वेळ वाचवायचाय म्हणून शटल, हे मला अजूनही पटत नाही. वाचलेल्या वेळात तुम्ही काय करता ते मला माहीत आहे. हॉटेलच्या खोलीत टीव्ही लावता.

वर पोचल्यावरचं थोडक्यात सांगते, कारण मुलाची सहल तोवर निम्मी झालेली असते. सुमारे 800 मीटर उंचीवर आहोत, स्वेटर वरच्याच पिशवीत असू द्या. पॉइंट मोजत फिरू नका, दिवसाला एक पुरे. माथेरानची खरी चैन निराळीच आहे. तिथे ई-रिक्षा सोडल्या तर मोटारी येत नाहीत, आणि तुमच्या मुलाचा हात तुम्ही रस्त्यात सोडू शकता. आमच्या नातीला हे उमगायला अर्धा तास लागला. लाल मातीच्या रस्त्याच्या मधोमध ती थांबली, मागे बघितलं, पुढे बघितलं आणि मग जी पळत सुटली ती थेट घोड्याची लीद दिसेपर्यंत. घोडे मात्र बघा, अंगावर येतात, आणि चिमुरड्यांना घोड्यावर एकटं बसवून फोटोसाठी लांब उभे राहू नका. झाडांत शेकरू दिसलं तर नशीब. दिसलं नाही तर "दिसलं होतं" असं खोटं सांगू नका, मुलं विसरत नाहीत.

आता माझं एक कबूल करते, नाहीतर हे पत्र म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढणं होईल. त्याच जानेवारीच्या फेरीत, मुंगीवाल्या मुलाच्या समोर बसून, माझी नात वळणं मोजत होती. साडेचार वर्षांची. प्रत्येक वळणाला एक बोट दुमडायची. सतरा, अठरा, एकोणीस, वीस. पुढे एकवीस, बावीस करत एकोणतीसपर्यंत पोचली आणि ठसक्यात म्हणाली, "वीसदहा." मग वीसअकरा, वीसबारा. चढावर गाडी हळू झाली तशी तीही हळू मोजत होती, एकेका आकड्याला मान डोलावत. आणि माझ्यातली बाई जागी झाली. म्हटलं, "तीस म्हणतात गं, तीस. मग एकतीस, बत्तीस."

तिने माझ्याकडे बघितलं. बोटं उघडली, हात मांडीवर ठेवला, आणि पुन्हा मोजलं नाही. पुढची सगळी वळणं तशीच गेली. मुंगीवाल्या मुलाची आई माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही, पण मला ऐकू आलं.

या जानेवारीत आम्ही पुन्हा जातोय. नात आता शंभरपर्यंत बिनचूक म्हणते, शाळेत शाबासकी मिळालीय, आणि वीसदहा काही आता परत यायचं नाही. मी तिला मोजायला सांगणार नाही, मोजायला लागली तर मधे बोलणार नाही. समोरच्या बाकावर तुम्ही असाल तर दशमी आणि आलेपाक आहे, मोकळेपणाने मागून घ्या. खिडकी मात्र तिची आहे, आधीच सांगून ठेवते.

तुमची,
एक माजी बालवाडीची बाई, बदलापूर